एकाच कटोऱ्यातला जपानी चहा

पिंपरीच्या एका कारखान्यातल्या साहेबमंडळींनी सत्तावन्न साली हौसेने जपान मित्रमंडळ काढलं आणि जपानी उत्सव भरवला. जपानी ढोल कुठून मिळणार? म्हणून गावकुसाबाहेरच्या कोंडाजीला हलगीसकट बोलावलं, किमोनो म्हणून अंगात साहेबांचा जुना ड्रेसिंग गाऊन चढवला आणि शोभेला, खास बोलावलेल्या जपानी पाहुण्याशेजारी बसवलं.

अध्यक्ष उद्धवरावांनी छाती फुगवून सांगितलं, "जपानात सगळे एकाच कटोऱ्यातून चहा पितात. तिथे कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही! आज आपणही तसाच प्यायचा." टाळ्यांचा कडकडाट झाला. कोंडाजीला ते खरंच वाटलं.

पाहुण्याने घोट घेतला, कड रुमालाने पुसली आणि रीतीप्रमाणे कटोरा शेजारी दिला. कोंडाजीनेही घोट घेतला, त्याच रुमालाने कड पुसली आणि कटोरा उद्धवरावांपुढे धरला.

"अरे, आज माझा उपास नाही का!" उद्धवराव मागे सरकत म्हणाले. मग मघाशी कांदाभजी हाणलेल्या त्या अख्ख्या ओळीचाच उपास निघाला.

"उपासाला च्या चालतो की, सायेब," कोंडाजी म्हणाला, आणि कटोऱ्यातला उरलेला चहा त्याने एकट्यानेच संपवला.