वक्तशीर मुलगी

“आणि पैसे चुकून दोनदा गेले तर?” सासूबाईंनी विचारलं.

त्या लसूण सोलत होत्या. समोर इन-सॉकचा फोन उभा करून ठेवला होता आणि त्यावरचे मुलाखतीचे प्रश्न त्या चष्म्यातून वाचत होत्या.

“प्रत्येक व्यवहाराला एक खुणेचा क्रमांक द्यायचा, आई. तोच क्रमांक पुन्हा आला, तर यंत्रणा ओळखते की हे काम झालंय, परत करायचं नाही.”

“म्हणजे तुमच्यापेक्षा हुशार म्हणायची. तुम्ही काल कोबीला दोनदा मीठ लावलंत.”

इन-सॉक हसला. पांग्योमधल्या एका कंपनीत जागा होती. पैसे पाठवायच्या अ‍ॅपसाठी प्रॉडक्ट मॅनेजर हवा होता. कोड लिहायचा नव्हता. पण लाखो लोकांचे पैसे कुठून कसे जातील, कुठे अडकतील, अडकले तर काय करायचं, हे सगळं फळ्यावर आखून दाखवायचं होतं.

एप्रिलपासून तो घरी बसून होता. ही नोकरी मिळाली नाही, तर मोरानमधलं भाड्याचं घर सोडावं लागणार आणि सासूबाईंना गावी त्यांच्या भावाकडे पाठवावं लागणार. तेच त्याला नको होतं. भावाच्या घरात ती गोष्ट एक दिवसही लपली नसती.

सासूबाईंचा फोन किणकिणला. त्यांनी हात पुसले.

“से-रिन. रोजचे हजार वॉन. ‘आई, जेवलीस का?’” त्यांनी वाचलं. “बरोबर आठाचा ठोका. सिंगापूरला गेल्यापासून माझी मुलगी फार वक्तशीर झाली हो.”

इन-सॉकने मान खाली घातली. टेबलाखाली, त्याच्या मांडीवर, से-रिनचा फोन होता.

से-रिन एप्रिलमध्ये अपघातात वारली. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्याने सांगितलं, कंपनीने तिला तातडीने सिंगापूरला पाठवलंय. जरा बरं वाटू दे, मग सांगू, असं म्हणता म्हणता उन्हाळा आला. नशीब एवढंच, की सासूबाईंनी एकदाही ‘फोन लावून द्या’ म्हटलं नाही. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून असेल.

त्याला मात्र घरात कोणीतरी आहे असं वाटे. दाराशी से-रिनच्या सपाता होत्या. तो त्यांना हात लावत नसे. तरी रोज सकाळी त्या सरळ, जोडीने, घराकडे तोंड करून ठेवलेल्या असत. जणू कोणी आत्ताच बाहेरून येऊन पाय घालणार आहे. सासूबाईंना विचारावं, तर तिचा विषय निघेल. तो नजर चुकवून पुढे जाई.

जुलैमध्ये सासऱ्यांचं श्राद्ध होतं. खाली फळांचा टेम्पो आला होता, म्हणून त्याने पिशवीभर पीच आणले. से-रिनचा पीचवर जीव होता. सासूबाईंनी पिशवी दारातच अडवली.

“अहो, पीच आणताय? पीच असला की गेलेलं माणूस उंबरा ओलांडत नाही. म्हाताऱ्याला उपाशी परत पाठवायचंय का?”

पिशवी शेजारी गेली. श्राद्धानंतरही तो दोनदा म्हणाला, पीच आणू का. दोन्ही वेळा त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“यंदा गोड नाहीत.”

मुलाखतीच्या सकाळी सासूबाईंनी त्याच्या खिशात चिक्कीसारखी चिकट मिठाई कोंबली.

“चिकटा तिथेच. आणि कोणी शेवाळाचं सूप दिलं तर पिऊ नका, घसराल.”

“मुलाखतीत सूप कोण देतं, आई?”

“मोठ्या कंपनीचं काय सांगावं!”

ही शेवटची फेरी होती. समोरच्या बाई तासभर शांतपणे विचारत होत्या. फळा चौकटींनी आणि बाणांनी भरला. मग त्या म्हणाल्या, “समजा, खातेदार वारला. घरच्यांनी कळवलं नाही. उलट कोणीतरी त्याचा फोन वापरत राहिलं. तुमच्या यंत्रणेला कसं कळेल?”

“सवयीवरून,” इन-सॉक म्हणाला. उत्तर त्याला पाठ होतं. “जिवंत माणूस विसरतो, उशीर करतो, मध्येच जास्त पाठवतो. इथे रोज तीच वेळ, तीच रक्कम, तेच शब्द येत राहतात. खरा माणूस इतका वक्तशीर—”

पेनाचं टोक फळ्यावर तसंच टेकून राहिलं.

“पुढे?” बाईंनी विचारलं.

“पुढे... खातं लगेच बंद करू नये. जो पाठवतोय त्याला आधी फोन करावा. तो बहुधा चोर नसतो.”

बाईंनी ते टिपून घेतलं. मग वही मिटली. “सोमवारपासून या,” त्या म्हणाल्या.

बसमध्ये त्याने मनाशी वाक्यं जुळवली. आई, बसा जरा. आई, माझ्याकडून एक खोटं बोललं गेलंय. एकही वाक्य धड जमेना. पण आज सांगायचंच होतं.

त्याने दार उघडलं. से-रिनच्या सपाता आज दाराकडे तोंड करून ठेवल्या होत्या. पाहुणा निघाला की त्याच्यासाठी ठेवतात, तशा.

घरभर गोड वास होता. टेबलावर मोठ्या बशीत पीच सोलून, फोडी करून ठेवले होते. सासूबाई समोर बसल्या होत्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

“मिळाली ना नोकरी? चेहऱ्यावरच दिसतंय.”

“सोमवारपासून,” तो म्हणाला. “आई, हे पीच...”

“गोड निघाले.” त्यांनी बशी त्याच्याकडे सरकवली. “खा. आणि उद्या आठ वाजता काही पाठवू नका, जावईबापू. जेवते मी.”