गोग्रास

स्प्रिंग चिमट्यातून निसटली, टेबलावरून उडाली आणि फ्रिजखाली गेली. देवांगने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आई, तू कर ना. तुझे हात डेंटिस्टचे आहेत."

सुचित्राबाईंनी फ्रिजखालून स्प्रिंग ओढून घेतली आणि ड्रॉवरमधून जुना भिंगाचा चष्मा काढला. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण बोटं अजून थरथरत नव्हती.

"आधी उघडून दाखव. आत गोळी नाही ना?"

"दोनदा बघितलंय."

"तिसऱ्यांदा बघ."

त्याने रायफलचा लिव्हर खाली ओढला आणि रिकामी पोकळी दाखवली. रायफल सेकंडहँड होती. तिचा मूळचा ट्रिगर पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा हलायचा. शिवाय इतका जड, की तो दाबता दाबता नळीच बाजूला सरकायची. देवांगला आजवर एकही हरीण मिळालं नव्हतं. मॅडिसनच्या त्याच्या ऑफिसात कुणीतरी त्याच्या डेस्कवर प्लास्टिकचं हरीण आणून ठेवलं होतं. गळ्यात चिठ्ठी होती, "घाबरू नकोस, देव आहे." ऑफिसात त्याला सगळे देव म्हणायचे. सगळा दोष ट्रिगरचा, असं देवांगचं म्हणणं होतं. म्हणून हा नवा मागवला होता.

सुचित्राबाईंना शिकार मुळीच आवडत नव्हती. पण नवरा गेल्यापासून देवांग यायचा तो गवत कापायला नाहीतर बर्फ काढायला, आणि काम झालं की गाडीत बसायचा. आज तो जेवला होता आणि जेवूनही टेबलाशी बसून राहिला होता. त्यासाठी त्यांनी तोफेलाही ट्रिगर बसवून दिला असता. तसाही तो शिकारीला मित्राच्या रानात जायचा, पार उत्तरेला. आणि नेम तर कधी लागत नसेच.

खिडकीबाहेर, अंगण संपून झाडी सुरू होते तिथे, एक हरिणी येऊन उभी राहिली. तिचा उजवा कान टोकाला फाटलेला होता.

"तुझी गाय आली," देवांग म्हणाला.

"कपिला म्हण."

"आई, दॅट्स अ डिअर."

"विस्कॉन्सिनमधली गाय अशीच असते."

सकाळची पूजा झाली की आपण खाण्याआधी पहिली पोळी गायीला, हा त्यांच्या घरचा रिवाज. इथे गाय कुठून आणणार? म्हणून त्या झाडीपाशी पोळी ठेवू लागल्या. पहिल्यांदा ती कुणी खाल्ली, ते कळलंच नाही. मग एकदा हा फाटका कान दिसला.

"ती तुला घाबरत कशी नाही? मी नुसता श्वास घेतला तरी पळतात."

खूप वर्षांनी त्याने आईला काहीतरी विचारलं होतं. स्प्रिंग चिमट्यात धरून सुचित्राबाई सांगत राहिल्या. लहानपणी त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती, तशाच, न घाई करता.

"घाई करायची नाही. आधी लांब उभं राहायचं. पोळी ठेवायची, देवघरातली घंटा हळूच वाजवायची आणि मागे सरायचं. रोज तेच. मग घंटा म्हणजे खायला, आणि घंटा म्हणजे भीती नाही, हे तिचं तिला कळतं. आता मी दिसले नाही तरी चालतं. नुसत्या आवाजाला येते वेडी."

"कूल," देवांग म्हणाला.

स्प्रिंग जागेवर बसली. त्याने ट्रिगर दाबून पाहिला. टक्. कुठे अडखळणं नाही, की हलणं नाही.

"लोणी," तो म्हणाला आणि आईकडे बघून हसला.

शिकारीचा सीझन सुरू होण्याच्या आदल्या रात्री तो मुक्कामालाच आला. सकाळी त्यांना जाग आली तेव्हा त्याचा ट्रक नव्हता. पूजेला बसल्या तर देव्हाऱ्यात घंटा नव्हती. काल पितळेची भांडी चिंचेने घासली होती, त्यात कुठे राहिली असेल. वय झालं, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी पूजा आटोपली आणि पोळी तशीच नेऊन ठेवली. चारी बाजूंना लांबवर बार वाजत होते. एक जरा जवळून आला. कपिला काही आली नाही. शहाणी आहे, त्यांना वाटलं. आज लपून बसली असेल.

दुपारी ट्रक अंगणात शिरला. देवांग उडी मारून उतरला आणि त्याने आईला मिठी मारली. कॉलेजात गेल्यापासून त्याने अशी मिठी मारली नव्हती.

"वन शॉट, आई. चल, बघ."

त्यांना बघायचं नव्हतं. पण त्याचा चेहरा शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा झाला होता. त्या ट्रकच्या मागे गेल्या. आधी पाय दिसले, मग मान, मग उजवा कान.

त्यांनी ट्रकच्या कडेला हात टेकला.

"पळाली नाही ती?"

"नाही ना." तो फोन काढून फोटोचा कोन बघत होता. "सरळ चालत आली. उभीच राहिली माझ्यासमोर. मला वेळच वेळ." मग त्याने त्यांचा उजवा हात उचलून बोटांवर ओठ टेकले. "ट्रिगर काय झालाय, यार. सगळं क्रेडिट या बोटांना."

त्याने शिकारीचं भगवं जॅकेट काढून त्यांच्या हातात दिलं. फोटोत त्याला त्यावरचं रक्त नको होतं.

सुचित्राबाई आत आल्या. आपण बसवलेला ट्रिगर, आपली बोटं, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. पण त्याला काय माहीत, त्या स्वतःला समजावत होत्या. झाडीआडून कान कुठे दिसतो? सगळ्या हरिणी सारख्याच दिसतात.

त्यांनी जॅकेट झटकलं, खुंटीला अडकवलं, आणि खिशात घंटा वाजली.