वेगाचा सराव

आमची सूनबाई दवाखान्यात कामाला पळत जाते आणि पळतच परत येते. त्यामुळे अंतराचा सराव आपोआप होतो, पण वेगाच्या सरावाला वेळ कुठून आणणार? तिला वेग चढतो तो फक्त घराजवळ, खिडकीतून नातीचं रडणं ऐकू आलं की.

माझी लेक तिला रोज चिडवायची, "वहिनी, यंदाही शर्यत तुझ्याआधी संपवून मी तुझ्यासाठी पाणी घेऊन उभी राहते हं!"

शर्यतीच्या दिवशी आम्ही अगदी शेवटच्या रेषेपाशी उभे होतो. नात माझ्या कडेवर खुळखुळा वाजवत मजेत होती. लेक पुढे दिसली. सूनबाई बरीच मागे, रडवेली.

"अहो, ओरडा की काहीतरी! तेवढाच तिला जोर येईल," बायको म्हणाली. पण चारचौघांत माझा आवाज फुटेल तर शपथ.

तेवढ्यात नातीने असं भोकाड पसरलं, की सूनबाई बाणासारखी सुटली आणि नणंदेला मागे टाकून थेट आमच्यापाशी पोचली.

लेक धापा टाकत आली. "बाबा, ही नेमकी आत्ताच कशी हो रडली?"

"कोण जाणे," मी म्हटलं, आणि खिशातला खुळखुळा वाजू नये म्हणून हसू दाबून ताठ उभा राहिलो.