वहीत नसलेलं उत्तर

“गळ टाकायला कुठं जाता म्हणालात?” नवरदेवाच्या तोयोकोआत्यांनी ग्लास पुढे करत दुसऱ्यांदा विचारलं.

“बंदराच्या धक्क्यावर. पहाटे,” कुरामोची बिअर ओतत म्हणाला. वहीच्या चौथ्या पानावर तसंच होतं.

वधूपिता म्हणून टेबलाटेबलावर मिरवणारा कुरामोची भाड्याचा होता. त्याची कंपनी लग्नाकार्याला हवे ते नातेवाईक पुरवायची. कुरामोची हे नावही कंपनीनंच दिलेलं. खरं कुणी विचारत नसे. आजवर त्यानं नऊ मुली सासरी धाडल्या होत्या आणि एकदाही घाम फुटला नव्हता. आज मात्र सदरा पाठीला चिकटला होता.

नवरी मिहोकोनं सासरी सांगून ठेवलं होतं, आई वारली, बाबा ठणठणीत आहेत. बिंग फुटलं असतं तर या लोकांनी तिला आजच दारातून परत पाठवलं असतं. वही देताना तिनं बजावलं होतं, “कुरामोचीसान, यातलंच बोलायचं. वर एक अक्षर नको.” त्यानं ती अकरा पानं महिनाभर उशाशी ठेवून तोंडपाठ केली होती.

“नाक मात्र लेकीनं तुमचंच उचललंय हो!” आत्याबाई म्हणाल्या.

बाटली हिंदकळली, फेस टेबलावर सांडला. “बिचारीचं नशीब,” तो कसाबसा हसला आणि मागे फिरला. मोकळ्या खुर्चीवर वधूच्या आईचा फोटो ठेवला होता. त्याकडे त्यानं सकाळपासून एकदाही पाहिलं नव्हतं.

दिवे मंदावले. वधूनं आईबाबांना लिहिलेलं पत्र वाचायची वेळ झाली. रिवाजाप्रमाणे तो दाराशी जाऊन उभा राहिला. पत्र त्याला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात दोघांनी तालीमही केली होती.

मिहोको वाचू लागली. बाबांनी सायकल शिकवली, शाळेचा डबा भरून दिला. सगळ्या रचलेल्या थापा. लोक डोळे पुसत होते. ठरल्या जागी त्यानंही रुमाल काढला. अजून चार ओळी, की सुटलो, असं त्याला वाटलं.

“बाबा, मी पाच वर्षांची होते. तापानं फणफणले होते. तुम्ही बर्फ आणायला म्हणून बाहेर पडलात.”

हे पत्रात नव्हतं. वहीतही नव्हतं.

ती तिथंच थांबली.

“अगं, पुढं काय? मिळाला का बर्फ?” आत्याबाईंना राहवलं नाही. हॉलमध्ये हशा पिकला.

“ते बाबांनाच विचारा,” मिहोको म्हणाली आणि माइक घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

मिळाला की, ढीगभर, एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. असल्या थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कंपनीत कुणी नव्हता. त्यानं तेवढं म्हणायला तोंड उघडलंही.

“दुकानं बंद होती,” त्याच्या तोंडून निघालं. “रिकाम्या हातानं परत यायची लाज वाटली, मिको.”

मिको. हे नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती पाळण्यात असताना त्यानंच ते ठेवलं होतं.

मिहोकोनं माइक बाजूला धरला.

“कंपनीनं साठ फोटो दाखवले होते, बाबा,” ती हळूच म्हणाली. “मी पहिल्याच फटक्यात तुमच्यावर बोट ठेवलं.”