काळेमळ्याचा होकार

"विरोधात कोण कोण, त्यांनी हात वर करा," सरकारी अधिकारी आफताबसाहेब म्हणाले आणि बनाबाईनं हात पदराखाली घेतला.

मेटकरवाडीची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली होती. अणुभट्टीतला कचरा जमिनीत खोल पुरायला सरकारला दोन माळ पसंत पडले होते. एक इथला, दुसरा इंदापूर तालुक्यातल्या काळेमळ्याचा. जे गाव हो म्हणेल तिथंच पुरणार, दोघांनी नको म्हटलं तर कुठंच नाही, असं साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण असली सरकारी बोलणी ऐकून गावाचे कान किटले होते. आपण नको म्हटलं की ती पीडा काळेमळ्याच्या बोकांडी बसणार, हे शेंबडं पोरगंही सांगत होतं. आणि मेटकरवाडीच्या निम्म्या लेकी काळेमळ्यात दिलेल्या. बनाबाईची सारजासुद्धा तिथंच, त्यात पोटुशी.

काळेमळ्याची सभा कालच झाली होती. तिथं काय ठरलं ते साहेब सांगेनात. म्हणे, एका गावाचं ऐकून दुसऱ्यानं मत बदलू नये.

"त्येंनी नकोच म्हनलं आसंल," सरपंच दिग्विजयराव बायकांकडं बघत म्हणाले. "आता आपुन गप बसलो, तर कचऱ्याची पिंपं मुकाट आपल्या माळावर येत्यात. पानी नासलं, पोरं पांगळी निपजली, मग माज्याकडं रडत येऊ नका."

मेली ती भीती, बरोबर वर्मावर बसली. बनाबाईला परसातली विहीर दिसली, अंगणात लोळणारी लेकाची पोरं दिसली. सारजाही दिसली. तिनं डोळे मिटले आणि हात वर केला. पुरुषांचे हात आधीच वर होते, मागोमाग सगळ्या बायकांचेही गेले. एकीनंही शेजारणीकडं बघितलं नाही.

"एकमतानं विरोध," साहेब म्हणाले. "म्हणजे आता कचरा काळेमळ्यात."

टाळ्या वाजल्या, त्या पुरुषांच्याच.

"बघा, मी म्हनलं नव्हतं?" दिग्विजयराव म्हणाले. "एकानं नको म्हनलं की दुसऱ्याच्या बोकांडी, ह्ये आदीच ठरलेलं हुतं."

बनाबाई उठून उभी राहिली. "सायेब, दोगांनी नको म्हनलं तर कुटंच न्हाय, आसं तुमीच बोलला. मग त्या गावाव का टाकता?"

"दोघांनी नको म्हटलं असतं, तर खरंच कुठं गेला नसता, मावशी. पण काळेमळ्यानं काल होकार दिलाय."

"होकार?" दिग्विजयराव चरकले. "आसा कुनी दिला?"

"बायकांनी. पुरुष नकोच म्हणत होते. पण सारजा नावाची एक गरवार बाई आधी उठली, मग बाकीच्या उठल्या. मी परोपरीनं नियम सांगितला, पण तिचा विश्वासच बसेना. सारखी म्हणत होती, आमी न्हाय म्हनलं तर माज्या म्हायेरी जाईल."