अर्धवट वाक्यं

बाळंतपणानंतर माझं रडू थांबेना, म्हणून समुपदेशक बाईंनी मला माझी गोष्ट लिहून आणायला सांगितली होती. आज ती वही त्यांच्या टेबलावर उघडी होती आणि तिच्यात अर्धवट वाक्यांभोवती बाईंनी मारलेले अकरा लाल गोल होते. “बाळाचा विषय निघाला की तुमचं वाक्य अर्धवट सुटतं,” बाई म्हणाल्या. “याला आम्ही टाळणं म्हणतो. नैराश्य मध्यम, बाळाची ओढ कमी. काही महिने बाळ आजीकडे राहिलेलं बरं.” “चहासुद्धा अर्धा टाकून उठते ही,” शेजारी बसलेल्या नवऱ्याने री ओढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मांडीवरची लेक मी त्याच्या हातात दिली आणि वही ओढून घेतली. “तो लाल पेन द्या जरा.” “अहो, अहवाल तयार झालाय.” “होऊ दे. माझी गोष्ट अजून राहिलीये.” पहिल्या गोलापाशी मी लिहिलं, इथे ती रडली, पाजायला उठले. दुसऱ्यापाशी लिहिलं, इथे दूध ओकली, दुपटं बदललं. तिसऱ्यापाशी, इथे अंग तापलेलं वाटलं, थर्मामीटर शोधला. चौथ्यापाशी, इथे झोपेत हसली, बघतच बसले. बाई पुढे वाकून वाचू लागल्या. “हे आधी सांगायचं ना,” त्या पुटपुटल्या. “तुम्ही विचारलंत कुठे? गोल मारत सुटलात!” सातव्या गोलापाशी ‘इथे तिने’ एवढंच लिहिलं, तेवढ्यात लेकीने भोकाड पसरलं. मी पेन तिथेच टाकून तिला नवऱ्याच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं. वाक्य लोंबकळत राहिलं. “घ्या तुमचा पेन,” मी बाईंना म्हटलं, “इथेही मारा गोल.”