डावा पाच, उजवा सात

“जोड फोडता येत नाही,” चौथा दुकानदारही तेच म्हणाला आणि खोक्याचं झाकण लावून मोकळा झाला.

“फोडायला तो काय माठ आहे?” मावशी फणकारली. “चल गं. शहरात काय एवढंच दुकान आहे?”

पोरगी पंधरा वर्षांची. डावा पाय पाच नंबरचा, उजवा सात नंबरचा. हा लहानमोठेपणा जन्मापासूनचा. सात नंबरचे बूट घ्यायचे आणि डाव्यात कापूस कोंबायचा, हा घरगुती उपाय. चालायला तो पुरायचा. पण ती पळायची, आणि पळायची म्हणजे वाऱ्याला मागे टाकायची. गेल्या आठवड्यात सरावात तिचा डावा बूट पायातून निसटला आणि तिच्याआधी शेवटची रेष ओलांडून गेला. सगळं मैदान हसलं. ती पण हसली. सर मात्र हसले नाहीत. “घोटा मोडून घेशील. सोमवारी मापाचे बूट घालून ये, नाहीतर संघात तुझ्या जागी दुसरी पळेल.”

आज शनिवार. दोन जोड घेऊन त्यातले दोन बूट वाया घालवावेत, एवढी घरची ऐपत नव्हती.

मोठ्या रस्त्यावरची काचेची दुकानं झाली. तिथे गार हवा होती आणि माणसं नुसती गोड बोलायची. छपराखालचा बाजार झाला. तिथे कोणी गोड बोलायचं नाही, पण नकार तोच. आता जुन्या पेठेतल्या गल्ल्या. एका गल्लीत फक्त बटणं, पुढच्या गल्लीत फक्त दिवे. पोरगी पाय विसरून बघत राहिली. एवढी बटणं लावायला जगात शर्ट तरी तेवढे आहेत का?

“तोंड मीट,” मावशी म्हणाली. “एखादं बटण आत जाईल.”

पाचवं दुकान बोळाएवढं. दुकानदाराने दोन्ही पावलं मोजपट्टीवर ठेवायला लावली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकदम हसत सुटला.

“कमाल आहे! दहा मिनिटांपूर्वी एक गिऱ्हाईक अगदी उलटं मागून गेलं. डावा सात, उजवा पाच! त्यांनाही मी—”

पुढचं ऐकायला पोरगी होती कुठे? ती केव्हाच गल्लीत पोचली होती. आजवर तिला वाटायचं, देवाने हा साचा एकदाच वापरला आणि लाजून फेकून दिला. आणि आता याच गर्दीत तिचे उरलेले दोन बूट कोणीतरी घालणारं होतं!

“अगं, थांब! ओळखणार कशी तू?” मावशी मागून धापा टाकत ओरडली.

“पायांवरून!”

बाकावर बसली की पाय आत ओढून घ्यायचे, ही तिची लहानपणापासूनची सवय. तीच पोरगी आज मान खाली घालून दुनियेचे पाय बघत सुटली. भांड्यांच्या गल्लीत ती पातेल्यांच्या उतरंडीवर आदळता आदळता वाचली. कापडाच्या गल्लीत एका बाईंना धक्का लागला म्हणून तिने कळवळून माफी मागितली, तर ती दुकानाबाहेर साडी नेसवून उभी केलेली बाहुली निघाली.

“तिने माफ केलं का?” मावशीने विचारलं.

आणि तेवढ्यात पुस्तकांच्या गल्लीच्या तोंडाशी तिला ती चाल दिसली. उजवा पाय आधी उचलला जायचा, बूट मागाहून निघायचा. दुसऱ्या कोणाला काही कळलं नसतं. हिला मात्र आरशात बघावं तसं झालं. बुटांवरून नजर वर नेली, तर खाकी गणवेश, खांद्याला पिशवी, हातात पत्रांचा गठ्ठा. पोस्टातल्या बाई होत्या.

पोरगी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“काकू, तुमच्या उजव्या बुटात कापूस आहे का?”

बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “वर्तमानपत्र आहे. पण तुला गं काय करायचंय?”

“माझ्या डाव्यात कापूस आहे!”

 बाई तिथेच पुस्तकवाल्याच्या स्टुलावर बसल्या आणि बूट काढला. पोरीनेही काढला. दोघींनी भर रस्त्यात तळव्याला तळवा लावून बघितला आणि इतक्या जोरात हसल्या की पुस्तकवाल्याला वाटलं, आपल्यालाच हसतायत.

त्या पाचव्या दुकानात दोन्ही मापांत एकाच प्रकारचे बूट निघाले, तेही भडक केशरी.

“तुम्हाला चालतील?” पोरीने जीव मुठीत धरून विचारलं. सगळं गाडं आता बाईंच्या होकारावर अडलं होतं.

“वीस वर्षं कागद कोंबून जिने चढतेय, बाळा. केशरी काय, पोपटी असते तरी घेतले असते.”

दोन अख्खे जोड विकले गेले. फोडाफोड गिऱ्हाइकांनी आपापसात केली, दुकानदाराचं काहीच बिघडलं नाही. पोरगी बोळाएवढ्या दुकानात उड्या मारत होती आणि बूट पायातून तसूभर हलत नव्हते. मावशी डोळे पुसत होती आणि धूळ गेली म्हणत होती.

दुकानदार मात्र मघापासून बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

“बाई, तुम्ही याआधी माझ्याकडे आला होतात का हो?”

“नाही बुवा. आजच, या पोरीबरोबर.”

“तेच म्हणतो मी,” तो चष्मा पुसत म्हणाला. “मघाशी येऊन गेले, त्यांना तर चांगल्या झुपकेदार मिशा होत्या.”